खांबावरची तारीख

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. सेवेत केलेले बहुतेक पंचनामे आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला गुन्हा कुठल्या ठाण्यातला, हेही कधी कधी आठवत नाही. एका लग्नाच्या हॉलचा कोसळलेला स्लॅब मात्र जसाच्या तसा समोर येतो, त्या ओल्या सिमेंटच्या वासासकट. या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. काही माणसं आज हयात नाहीत, काहींनी शिक्षा भोगली आहे, आणि एकाला तर लोकांनी विसरूनच जावं अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा मी पनवेल परिसरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. माघ महिना होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन ठेवला आणि म्हणाला, "साहेब, गावाबाहेर नवीन लग्नाचा हॉल होतोय ना, त्याचा स्लॅब बसला. माणसं खाली आहेत." स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही निघालो.

अशा जागी आरडाओरडा असतो असं लोकांना वाटतं. तिथे शांतता होती. चारी बाजूंचे खांब उभे होते आणि मधला सगळा स्लॅब वाकून खाली बसला होता. एक कुत्रं त्या ढिगाऱ्याभोवती फिरत होतं, भुंकत नव्हतं. अग्निशमन दलाने संध्याकाळपर्यंत तिघांना बाहेर काढलं. एकही जिवंत नव्हता. त्यातले दोघे जवळच्या कातकरी वाडीतले सख्खे भाऊ, सुटलेल्या फळ्या गोळा करायला खाली गेलेले. तिसरा सेंटरिंगचं काम करणारा, उरणजवळच्या करंज्याचा.

सेंटरिंग म्हणजे काय, हे ज्यांनी घर बांधलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॅब भरण्याआधी खाली फळ्यांचा साचा करतात आणि त्याला शेकडो टेकू लावतात. वर काँक्रीट ओतलं की ते घट्ट होईपर्यंत सगळा भार त्या टेकूंवर असतो. दिवस भरले की टेकू काढायचे, मग स्लॅब स्वतःच्या ताकदीवर उभा राहतो. एवढ्या मोठ्या हॉलला एकवीस दिवस तरी थांबावं लागतं.

मी पंचनामा केला. एका खांबावर लाल रंगात तारीख लिहिलेली होती, महिन्याची दोन. खाली हळदकुंकू वाहिलेलं आणि फुटलेल्या नारळाची वाळलेली करवंटी. त्या दिवशी चोवीस तारीख होती. म्हणजे बावीस दिवस झाले होते. मी स्वतः ती तारीख पंचांसमक्ष उतरवून घेतली आणि निर्धास्त झालो. ही माझी पहिली चूक.

ठेकेदाराने आणि साइट इंजिनिअरने रात्र पडायच्या आत जबाब दिले. दोघांचं म्हणणं एकच. स्लॅब वेळेवर भरला, रजिस्टर समोर आहे, बावीस दिवस झाले होते. मिस्त्रीने टेकू चुकीच्या क्रमाने काढले आणि पळून गेला. रजिस्टर स्वच्छ होतं. एका हातचं अक्षर, एका शाईतलं. सेंटरिंगचा मिस्त्री खरोखरच बेपत्ता होता. गुन्हा दाखल झाला आणि आरोपीच्या रकान्यात त्या मिस्त्रीचं नाव आलं.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी जिल्ह्यातल्याच एका लहान बाजारगावातला. वडील बाजारात हमाली करत. त्यांना सहीसुद्धा येत नव्हती, पण घरात आलेला कुठलाही छापील कागद ते फेकू देत नसत. सर्कशीची जाहिरात असो की खताच्या पिशवीवरची चिठ्ठी, ते तो कागद पत्र्याच्या पेटीत ठेवत आणि म्हणत, "कुणीतरी शिकलेल्यानं लिहिलंय, टाकू नये." मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी. ए. झालो. आमचे इतिहासाचे सर स्वतःची पुस्तकं मला घरी न्यायला देत. ते नेहमी सांगत, "कागदावर तारीख दिसली की आधी विचारायचं, ही लिहिली कुणी आणि कधी." परीक्षेत हे वाक्य मी दोनदा लिहिलं. नोकरीत विसरलो.

पाच दिवस मिस्त्रीचा पत्ता लागला नाही. तो मूळचा अक्कलकोटकडचा; तिकडे पथक पाठवलं, ते हात हलवत परत आलं. सहाव्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. आमचे हवालदार उरण भागातलेच, त्यांनी तो घेतला आणि थोडं ऐकून रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"साहेब, तुमी ज्याला शोधताव ना, तो इथं करंज्याला हाय," ती म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"मी मयताची बायको. माझाच नवरा मेला त्या स्लॅबखाली."

तीच पुढे बोलली. "पाच दीस झाले, तो बंदरावर बसलाय. सुकत घातलेल्या मासळीजवळ. माझ्या दारात येत नाय. मी त्याच्याकडं गेले तर उठून लांब जाऊन बसतो. काय खात नाय. त्याला घेऊन जा साहेब. तुमच्या कोठडीत निदान जेवाया तरी देतील."

खबरी अनेक पाहिले. वैराने, लोभाने, दारूच्या तारेत खबर देणारे. आरोपी उपाशी आहे म्हणून खबर देणारी तेवढी एकच.

दुपारी आम्ही साध्या वेशात करंजा गाठलं. लिलाव संपला होता, बायका टोपल्या धूत होत्या. तो बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीच्या सावलीला बसला होता. पन्नाशीचा, काटक, हातांची बोटं चेचलेली. आम्हाला बघून पळाला नाही. हवालदारांनी ओळख सांगितली तेव्हा उठून कपडे झटकले आणि जीपकडे चालायला लागला. आमच्याही पुढे.

"साहेब," हवालदार हळूच म्हणाले, "तीस वर्सं झाली नोकरीला. पळून जाऊन मयताच्या घरासमोर बसणारा आरोपी आज पयल्यांदा बघितला."

त्याला रीतसर अटक केली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. चौकशीत मला काही विचारावंच लागलं नाही. तो खाली बघत एकच बोलत राहिला.

"टेकू म्या काढला. म्याच मारलं त्याला."

"कसा काढला? नीट सांग."

"घण मारला. तो धरून व्हता, म्या मारत व्हतो. वीस वर्सं तसंच करतुया साहेब. त्यानं धरायचं, म्या मारायचं."

"क्रम चुकला का?"

इतका वेळ खाली असलेली मान पहिल्यांदा वर आली. "क्रम? न्हाई. मधनं सुरुवात केली, कडंला जात व्हतो. पोरासोराला इचारा, सेंटरिंगवाला मधनंच सुरुवात करतो."

"मग स्लॅब पडला कसा?"

"मला काय ठावं. सुटलेला टेकू ठिवाया भाईर आलो, तवर मागं बसला. तारीख तर भरली व्हती. खांबावर लिव्हली व्हती."

ते दोघे, मिस्त्री आणि मयत सेंटरिंगवाला, जोडी म्हणून काम करत. हा अक्कलकोटचा, तो करंज्याचा, मासेमारी सोडून आलेला. एक खोली, एक स्टोव्ह. हा त्याला चिडवायचा की तुझ्या अंगाला अजून सुकटीचा वास येतो. तो याला म्हणायचा, ये एकदा गावाला, समुद्र दाखवतो, तुझ्या मुलखात बादलीभर पाणी दिसलं तरी माणसं नमस्कार करतात. हे त्याने मला चौथ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना क्षणभर हसला. मग एकदम थांबला, चुकून हसल्यासारखा.

कोठडीच्या पहाऱ्यावरचा शिपाई एकदा तक्रार घेऊन आला. "साहेब, याला जेवण आवडत नाही वाटतं. रोज अर्धी भाकरी टाकतो."

मी जाऊन पाहिलं. भाकरी तोडलेली नव्हती, बरोबर मधोमध मोडलेली होती. अर्धी खाल्लेली, अर्धी ताटाच्या पलीकडच्या कडेला सरकवून ठेवलेली. ते ताट लगेच उचलू नको, एवढंच मी शिपायाला सांगितलं. माझंही कुटुंब तेव्हा मुलीच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात होतं, क्वार्टरमध्ये मी एकटाच जेवायचो. त्या रात्री माझं जेवण नीट झालं नाही.

वरिष्ठांचा फोन आला. "आरोपी मिळाला, तो नाकारतही नाही. आता थांबलाय कशाला?" पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते, हे त्यांनाही माहीत होतं. पण बाकीचे कागद जुळत होते. टेकू त्याने काढले होते, तो पळाला होता, रजिस्टर त्याच्या विरोधात होतं. दोषारोपपत्र पाठवलं असतं तर कुणी मला बोल लावला नसता. आणि तो माणूस न्यायाधीशांसमोरही तेच म्हणाला असता, म्याच मारलं.

मी खारघरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना जागेवर घेऊन गेलो. बारीक अंगाचे, अबोल गृहस्थ. त्यांनी उरलेले टेकू मोजले आणि म्हणाले, "कडेचे उभे आहेत, मधले निघालेत. क्रम बरोबर आहे तुमच्या माणसाचा." मग स्लॅबचा एक तुकडा उचलून त्यावर नखाने ओरखडा काढला, हातोडीने टोला दिला. "चाचणीचा अहवाल यायला वेळ लागेल. पण हे काँक्रीट मला वयाने लहान वाटतंय."

"बावीस दिवस झाले होते, सर."

"कागद तसं म्हणतो," ते म्हणाले. "लोखंडाला आणि सिमेंटला कागद वाचता येत नाही."

परतताना जीपमध्ये मी त्यांना विचारलं, एवढं शिकलेली माणसं बांधतात, तरी बांधकामं पडतात कशी? त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत एका वीजकेंद्राचा प्रचंड मनोरा बांधत होते. काम करायची परांची वरच्या काँक्रीटलाच अडकवलेली असे. थंडी होती, आदल्या दिवशीचं काँक्रीट नीट आवळलेलं नव्हतं, तरी त्याच्यावर भार टाकला. पन्नासाहून जास्त माणसं परांचीसकट खाली आली. दुसरी गोष्ट कॅनडातल्या नदीवरच्या पुलाची. पूल अर्धा झाला असताना लोखंडी तुळया वाकताना कामगारांना दिसत होत्या. साहेब लोक वाद घालत बसले, की त्या आधीपासूनच वाकलेल्या असतील. काम थांबवावं असा निरोप निघाला, पण तो पुलावर पोचण्याआधी पूलच नदीत गेला. पाऊणशे माणसं. तिसरी आपल्या पानशेतची, ती मी लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली होती. धरणाचं काम पुरतं झालेलं नसताना त्यात पावसाळ्याचं पाणी अडवलं, आणि अर्धं पुणं वाहून गेलं.

"या तिन्हींत विज्ञान अवघड नव्हतं," प्राध्यापक म्हणाले. "घाई होती. आणि जे हाताला जाणवत होतं, डोळ्याला दिसत होतं, त्याच्यापेक्षा ठरलेलं वेळापत्रक मोठं वाटलं."

मी त्यांना घरी सोडलं. 'वयाने लहान' हे शब्द डोक्यातून जाईनात. पण दोन तारखेला तिथे काय झालं, ते पाहणारा कोण? काँक्रीट ओतणारी टोळी परराज्यातली, ती केव्हाच पुढच्या कामाला गेली होती. मिस्त्री आणि त्याचा जोडीदार तर त्या दिवशी तिथे नव्हतेच. हे मला मिस्त्रीकडूनच कळलं. स्लॅब भरताना सेंटरिंगवाल्याने हजर राहायचं असतं, टेकूवर लक्ष ठेवायला. पण त्या सकाळी नारळ फुटला, खांबावर तारीख पडली, आणि ठेकेदाराने दोघांना गाडीत घालून उरणकडच्या दुसऱ्या साइटवर पाठवलं. हा नको म्हणत होता. ठेकेदार म्हणाला, तिकडे काम अडलंय, इथे आम्ही काय आंधळे आहोत का? ते परत आले ते थेट टेकू काढायलाच.

मयत भावांच्या आईचा जबाब राहिला होता. दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन मी वाडीवर गेलो. डोंगराच्या पायथ्याशी पंधरा-वीस झोपड्या. तीही त्याच साइटवर घमेली वाहायची. त्या दिवशी लाकडं आणायला रानात गेली म्हणून वाचली. ती दाराशी बसली होती. मुलांची नावं, वयं, नातं, सगळं ती हळू सांगत होती आणि हवालदार लिहून घेत होते. अशा जबाबात एवढंच विचारतात. मीही कागद मिटायला सांगितला होता. उठता उठता सहज विचारलं, "मावशी, स्लॅब भरला त्या दिवशी तुम्ही होता का कामावर?"

"व्हते ना. माजे पोरगं पन व्हतं. दोगं बी."

"सकाळी नारळ फोडला तो दिवस?"

"नाय नाय. नारल फोडला त्या दिशी मशीनच मोडली. आमाला घरी लावून दिला. मंग लय दिसांनी भरला."

हवालदारांनी मिटलेला कागद पुन्हा उघडला.

"किती दिवसांनी?"

"आता ते मला काय म्हाईत बाबा? दीस कोन मोजतंय." ती विचारात पडली. मग तिच्या चेहऱ्यावर जुना राग आला. "पन त्या दिशी मटान नव्हतं."

कोकणात काय किंवा घाटावर काय, बांधकामावरची ही रीत सर्वांना माहीत आहे. स्लॅब भरला की त्या दिवशी मालकाने किंवा ठेकेदाराने मजुरांना जेवण घालायचं, आणि जेवण म्हणजे मटण. वर्षभरात मजुराच्या वाट्याला असे दिवस थोडे येतात. तारीख विसरली जाते, ताट विसरलं जात नाही.

"का नव्हतं?" मी विचारलं.

"ठेकेदार शेट बोलला, आज चतुर्थी हाय, माजा उपास हाय, वशाट शिजवायचा नाय. शिरा नि बटाट्याची भाजी घातली. माजा धाकटा लय भांडला शेटशी. बोलला, शेट, स्लॅबला शिरा घातलास तर स्लॅब पन शिऱ्यावानी व्हईल." आणि एवढं बोलून ती पदर तोंडात घालून रडायला लागली. मुलांची नावं सांगताना ती रडली नव्हती.

"हे आधी कुणाला सांगितलं नाहीत?"

"आमाला कोन इचारतंय?" ती म्हणाली.

ठाण्यात आल्यावर मी खुर्चीवर न बसता भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो. दोन तारखेला कसलाही उपास नव्हता. संकष्टी चौदा तारखेला होती. चौदा ते चोवीस. स्लॅबचं वय बावीस दिवस नव्हतं, दहा दिवस होतं. ते कॅलेंडर मी रोज येता-जाता पाहत होतो.

पुढचं काम सोपं होतं आणि ते मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. काँक्रीट पुरवणाऱ्या प्लांटवर गेलो. गाड्या सुटल्याची नोंद त्यांच्याकडे चौदा तारखेची होती. दोन तारखेला पंप बिघडल्याचीही नोंद होती. गाड्यांबरोबर साइटवर आलेली चलनं ठेकेदाराने 'गहाळ झाली' म्हणून सांगितली होती आणि मी रजिस्टरच्या सुंदर अक्षरावर विसंबून पुढे गेलो होतो.

साइट इंजिनिअरला बोलावलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. मी चलनांच्या प्रती टेबलावर ठेवल्या, रजिस्टर शेजारी उघडून ठेवलं. त्याने दोन्हींवरच्या तारखा वाचल्या.

"खांबावरची तारीख बदलायची राहिली होती, सर. खरंच राहिली होती. नारळ फोडतानाच लिहितात आमच्याकडे."

"आणि रजिस्टरमधली?"

"ती नंतर लिहिली." त्याचा आवाज बारीक झाला. "हॉल मालकाच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं, पहिलं लग्न तिथेच व्हायचं होतं. शेट म्हणाले, खांबावर दोन आहे ना, मग तीच राहू दे. एवढ्या तेवढ्याने काही पडत नाही."

"तुला माहीत होतं, पडू शकतं."

"हो सर."

"मिस्त्रीला का नाही सांगितलंस?"

तो रडू लागला. "शेटनी सांगितलं होतं, त्याला बोलू नको, तो हात लावणार नाही."

मी त्याला पाणी दिलं. जबाबात शिक्षण विचारतात, घरातल्यांचं काम विचारतात. तोही घरातला पहिला पदवीधर निघाला. आई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायची. त्याच्या जागी मी असतो तर त्या वयात शेटला नाही म्हणालो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला आजवर अनेकदा विचारला आहे. उत्तर माझ्या बाजूने येत नाही. तरी मी त्याला अटक केली. ठेकेदाराला त्याच संध्याकाळी उचललं. पुढे खटला बरीच वर्षं चालला आणि दोघांनाही शिक्षा झाली.

मिस्त्रीविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि त्याची सुटका झाली. मी स्वतः त्याला सांगितलं. तारीख खोटी होती, तुला फसवलं, तुझा दोष नाही. त्याने ऐकून घेतलं आणि ठाण्याच्या बाकावर बसून राहिला. दुपार झाली तरी उठेना.

"जा आता. सुटलास तू," मी म्हणालो.

"कुटं जाऊ?"

शेवटी मीच त्याला माझ्या गाडीत बसवलं. करंज्याकडे निघालो आहे हे त्याला जासईच्या पुढे लक्षात आलं. तेव्हा तो म्हणाला, "साहेब, एक ऱ्हायलंय. ते बी कागदावर घ्या."

"काय?"

"टेकू जड लागला व्हता." त्याने स्वतःचा उजवा हात समोर धरला, त्याच्याकडे बघत बोलला. "स्लॅब पिकला की टेकू हलका व्हतो. दोन टोल्यांत सुटतो. त्यो पहिला टेकू सुटंना. चार टोलं मारलं. म्या थांबलो. म्हनलं, जड लागतोय रे. तर त्यो म्हनला, तारीख बघ की येड्या, इंजिनिअरनं लिव्हलीय. म्या बघितली. म्हनलं, शिकलेल्या मानसानं लिव्हलंय म्हंजे बरूबरच असंल. आन मारला पाचवा."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मला माझ्या वडिलांची पत्र्याची पेटी आठवली.

त्याचं ते वाक्य मी कुठल्याही कागदावर घेतलं नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याने काही बदलत नव्हतं. मी तसं स्वतःला सांगितलं. त्या दुपारपासून ती गोष्ट आम्हा दोघांतच राहिली. आज पहिल्यांदा लिहितो आहे, कारण दोन वर्षांपूर्वी तो वारल्याचं कळलं.

तिच्या दारात गाडी थांबली तेव्हा तो उतरेना. ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उतरतोस का आता, का गावाला दाखवायचाय तमाशा?" ती ओरडली. "बंदरावर बसून माझी मासळी राखत होतास, तेव्हा नाय लाज वाटली?"

तो उतरला. तिने ओट्यावर ताट ठेवलं. कालवण, भात, तांदळाची भाकरी. मला आग्रह केला, पण मी ड्युटीवर आहे असं खोटं सांगून गाडीपाशी उभा राहिलो. तिथून दिसत होतं. त्याने भाकरी घेतली, मधोमध मोडली, आणि अर्धी ताटाच्या पलीकडच्या कडेला सरकवली. ती बघत राहिली. तिला ते समजायला वेळ लागला नाही, तिच्या घरीही ती तशीच मोडली जात असणार. ती खाली बसली, ती अर्धी उचलली आणि खाऊ लागली. मी गाडीत बसून निघालो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं कठीण जातं. शिक्षणाचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्याच्याशिवाय मी आज बाजारात ओझी वाहत असतो. पण आपण लिहिलेल्या एका आकड्यावर विश्वास ठेवून कुणीतरी स्वतःच्या हाताचं ऐकणं सोडून देतं, हे मला पदवी देताना कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतरच्या सेवेत दर वेळी तारीख लिहिताना माझं पेन थोडं थांबत असे. हाताखालचे लोक त्याला साहेबांची सवय म्हणत.

आता मी कामोठ्याला राहतो. पत्नी गेली, मुलगी परगावी आहे. सकाळ-संध्याकाळ फिरायला जातो आणि आजूबाजूला कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं. पाय आपोआप तिकडे वळतात. खांबावरची लाल तारीख वाचतो, मग घमेली वाहणाऱ्या बायकांना विचारतो, "काय बाई, स्लॅबला काय जेवलात? कधी जेवलात?"

त्या एकमेकींकडे बघून हसतात. मागच्या आठवड्यात एक जण दुसरीला म्हणाली, "म्हातारा येडा हाय गं, जवा बघावं तवा जेवनाचंच इचारतो." मग माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "मटान व्हतं आजोबा, गेल्या आयतवारी! तुमाला नाय बोलावलं म्हनून रागावलाव काय?"

मी मनात रविवारपासून दिवस मोजले, खांबाकडे पाहिलं. तारीख बरोबर होती. "नाही बाई, रागावलो नाही," म्हणालो आणि घराकडे चालू लागलो.